अजून थोडें थांबूं!

आमच्या घरांत गेलीं पांच वर्षें एक वस्तु येऊं घातली होती. ती केव्हां येणार हें कोणीहि निश्चित सांगूं शकत नव्हतें; परंतु ती येणार याविषयीं कोणाच्याहि मनांत संदेह नव्हता. तिच्यासाठीं मेजावरील जागा मोकळी झाली होती, बँकेंत तिच्या नांवानें रक्कम बाजूला पडली होती, आणि उपवर मुलीच्या बापाला स्थळाची माहिती नसेल इतकी तिच्या गुणदोषांची माहिती मला तोंडपाठ झाली होती. ती वस्तु म्हणजे नवा लॅपटॉप.

जुना लॅपटॉप मीं २०१५ सालीं, शाळेंतून निवृत्त झालों त्या वर्षीं, घेतला होता. दहा वर्षांत त्याची प्रकृति अगदींच खालावली. सकाळीं कळ दाबून मी स्नानाला जाई, तें स्नान, देवपूजा आणि चहा आटोपून परत येई तों त्याचा पडदा नुकताच उजळूं लागलेला असे. त्याची बॅटरी दहाबारा मिनिटांपलीकडे तग धरीत नसे. त्याच्या कळफलकावरील 'न' हें अक्षर मधूनमधून रुसून बसे, त्यामुळें माझ्या पत्रांतील नकार आपोआप गळून पडत व स्नेह्यांचे नसते गैरसमज होत. असल्या यंत्राला निरोप द्यावा असें कोणीहि म्हणेल. मीहि तेंच म्हणत होतों. फक्त 'अजून थोडें थांबूं' एवढे तीन शब्द त्याला जोडीत होतों.

आतां या वयांत मला लॅपटॉप हवा तरी कशासाठीं, हें सांगितलें पाहिजे. माझी आत्या वाईस राहते. तिचा जन्म १९३८ सालचा. तिनें लग्न केलें नाहीं. तीस वर्षें मुलींना शिकविलें, आणि आमच्या विस्कटलेल्या घराण्याची सारी स्मृति जणूं एकटीनें सांभाळली. कोणत्या आजीनें कोणता कुळाचार आणला, कोणाच्या लग्नांत कोण रुसलें, कोणत्या दुष्काळांत घरांतील कोणतें भांडें मोडीत गेलें, हें सारें तिच्यापाशीं. निवृत्त होतांना मीं तिला वचन दिलें होतें, कीं तुझ्या आठवणी मी लिहून काढीन आणि त्यांचें एक नीटनेटकें पुस्तक करीन. जुन्या यंत्रावर हें काम होण्यासारखें नाहीं, एक चांगलें यंत्र आलें कीं आरंभ करूं, असें मी मनाशीं ठरवून टाकलें.

त्यानंतरचा इतिहास असा. २०२० सालीं टाळेबंदींत घरोघर कचेऱ्या व शाळा भरूं लागल्या. लॅपटॉप मिळेनासे झाले, मिळत ते महाग मिळत. म्हणून थांबलों. २०२१ च्या ऑक्टोबरांत विंडोज ११ ही नवी प्रणाली आली. आमचे चिरंजीव एका संगणक-कंपनींत नोकरीला आहेत, ते म्हणाले, "बाबा, पहिल्या आवृत्तींत दोष असायचेच, थोडं थांबा." थांबलों. २०२२ सालीं कां थांबलों तें आतां आठवत नाहीं, पण थांबलों एवढें निश्चित. २०२३ च्या ३ ऑगस्टला सरकारनें लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचें बंधन जाहीर केलें आणि दुसऱ्याच दिवशीं तें पुढें ढकललें. सरकारच जेथें थांबलें तेथें माझी काय कथा! २०२४ च्या मे महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं निराळा भाग बसविलेल्या यंत्रांचा मोठा गाजावाजा झाला. चिरंजीव म्हणाले, "आतां घेतलात तर वर्षांत जुना होईल." हें वाक्य आमच्या घरांत कोणत्याहि वर्षीं म्हणण्यासारखें होतें, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र एकदांच आपलें मत दिलें. "अहो," त्या म्हणाल्या, "गिरणींत नवीन चक्की बसेपर्यंत कोणी घरांतलं दळण थांबवतं का?" मीं हंसून तो विषय टाळला, कारण माझ्या बाजूनें प्रत्यक्ष गणितशास्त्र उभें होतें.

तें गणित मोठें मनोरंजक आहे. १९६५ सालीं गॉर्डन मूर यांनीं एका लेखांत असें दाखविलें, कीं सिलिकनच्या एका तुकड्यावर बसविल्या जाणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षीं दुप्पट होत आहे. १९७५ सालीं त्यांनींच ही मुदत दोन वर्षांची केली. लोकांच्या तोंडीं मात्र 'अठरा महिन्यांत यंत्राचा वेग दुप्पट' असें समीकरण बसलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील अॅरिझोना विद्यापीठांतील कांहीं खगोलशास्त्रज्ञांनीं हें समीकरण घेऊन एक अर्धा विनोदी व अर्धा गंभीर निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा, कीं एखादें प्रचंड आंकडेमोडीचें काम आजच्या यंत्रावर आजच सुरू करावें, कीं कांहीं काळ स्वस्थ बसून मग वेगवान् यंत्र घ्यावें?

वाचकांनीं स्वतःच हिशेब करून पाहावा. समजा, आजच्या यंत्रावर एका कामाला ६० महिने लागतात. तुम्ही १८ महिने खुशाल लोळत पडलांत आणि मग दुप्पट वेगाचें यंत्र घेतलें, तर तेंच काम ३० महिन्यांत होईल. म्हणजे एकंदर ४८ महिने. आज घाम गाळणाऱ्याच्या आधीं एक संपूर्ण वर्ष लोळणारा जाऊन पोंचला! याच्या उलट काम ६ महिन्यांचें असेल, तर १८ महिने थांबून पुढें ३ महिने काम, म्हणजे २१ महिने. येथें थांबणारा बुडाला. सीमारेषा कोठें, तर सुमारें २६ महिन्यांवर. त्याहून मोठ्या कामासाठीं थांबणें फायद्याचें, लहान कामासाठीं तोट्याचें. चौतीस वर्षें गणित शिकविलेल्या मनुष्याला आपल्या आळसाचें असें सुबक समर्थन मिळालें, तर तो तें सोडील कसा? आत्येचें पुस्तक हें चांगलें तीनचार वर्षांचें काम आहे, असें मीं स्वतःला सांगितलें, आणि निर्धास्तपणें थांबलों.

हें 'थांबूं या' प्रकरण विकणाऱ्यालाहि केवढें महाग पडूं शकतें, याची एक कथा संगणकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. अॅडम ऑस्बोर्न यांचे वडील रमणमहर्षींचे भक्त. त्यामुळें ऑस्बोर्न यांचें बालपण दक्षिणेंत तिरुवण्णामलै येथें गेलें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं १९८१ सालीं उचलून नेण्याजोगा संगणक बाजारांत आणला. वजन सुमारें ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. तरीहि तो हातोहात खपला. १९८३ सालीं त्यांनीं याहून सरस यंत्र येत असल्याचें आधींच बोलून दाखविलें. मग जुनें यंत्र घ्यावें कोणी? गिऱ्हाइकें थांबलीं, माल पडून राहिला, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत कंपनीनें दिवाळें काढलें. त्या दिवाळ्याचीं इतरहि कारणें जाणकार सांगतात. तथापि नवें जाहीर करून जुनें मारण्याच्या प्रकाराला आजहि ऑस्बोर्न यांचेंच नांव आहे. ही कथा मी मित्रांना रंगवून सांगत असें. दुकानदारानें थांबविल्यामुळें कंपनी बुडाली हें मला दिसत होतें. थांबणाऱ्याचें काय बुडतें, हें मात्र मला कधीं विचारावेंसें वाटलें नाहीं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल संपली. माझें जुनें यंत्र त्याच प्रणालीवर चालत असे, आणि नव्या प्रणालीच्या अटींत तें बसत नव्हतें. आतां तरी निर्णय झाला, असें घरांत सर्वांना वाटलें. पण मीं वर्तमानपत्रांत शोधून काढलें, कीं सुरक्षिततेपुरती आणखी एक वर्षाची वाढीव मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळूं शकते. आमच्यासारख्या दीर्घसूत्री लोकांची काळजी सातासमुद्रांपलीकडेहि कोणी वाहतो, या विचारानें मला गहिंवर आला!

पुढें नऊच दिवसांनीं भाऊबीज होती. वडील गेल्यापासून त्या दिवशीं मी वाईस जातों आणि वडिलांच्या पाटावर बसतों. आत्या मला ओवाळते, आणि मग जेवणें झालीं कीं ओसरीवर बसून जुन्या गोष्टी निघतात. त्या दिवशीं पानशेतच्या पुराची गोष्ट निघाली.

ही गोष्ट मीं लहानपणापासून कितीवेळां तरी ऐकली आहे. आत्या तेव्हां तेवीस वर्षांची. शिक्षिकेच्या शिक्षणक्रमासाठीं पुण्यास शनिवार पेठेंत एका नातेवाइकांच्या वाड्यांत राहत होती. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, मागून खडकवासल्याचेंहि गेलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. वाड्यांतील मंडळी नेसत्या वस्त्रांनिशीं उंच भागाकडे धांवली. आत्येच्या एका हातांत देव्हाऱ्यांतला बाळकृष्ण होता आणि दुसऱ्या हातांत पुस्तकांची पिशवी. संध्याकाळपर्यंत ही सारी मंडळी रस्त्यावर उभी होती. तेव्हां एका बाईनें दारांतून हांक मारून त्यांना घरांत घेतलें. ना ओळख, ना नातें. नवरा छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करी. घर अवघ्या दोन खोल्यांचें. त्या दोन खोल्यांत अकरा माणसें आठ दिवस राहिलीं. त्या बाईनें आपलें एकुलतें एक कोरें लुगडें आत्येला नेसावयास दिलें, आणि परत नेऊन दिलें तेव्हां घेतलें नाहीं. या ठिकाणीं आत्या नेहमीं थांबे, त्या बाईचें नांव घेई, आणि हात जोडी. गोष्ट तेथें संपे.

त्या दिवशीं आत्या त्याच ठिकाणीं थांबली. हात जोडण्यासाठीं वर आले, आणि तसेच राहिले. "काय बरं त्यांचं नांव?" ती म्हणाली. तिनें डोळे मिटले. ओंठ कांहीं वेळ हालले. मग माझ्याकडे वळून तिनें अगदीं सहज विचारलें, "तूं सांग ना. तूं तर लिहून ठेवलं असशील."

मला तें नांव सांगतां आलें नाहीं. वीस वेळां ऐकलेली गोष्ट. पाण्याची उंची, पिशवीचा रंग, लुगड्याचा कांठ, सारें मला आठवत होतें, आणि तेवढें नांव आठवत नव्हतें. घंटेचा नाद कानांवर पडावा तसें तें माझ्या कानांवर पडत आलें होतें. तें कधीं विसरलें जाईल, अशी कल्पनाच कधीं मनाला शिवली नव्हती. वडील असते तर त्यांनीं सांगितलें असतें. ते नातेवाईक कधींच गेले. वाड्याच्या जागीं इमारत उभी आहे. "राहूं दे, आठवेल मागाहून," असें आत्या म्हणाली, आणि तिनें विषय बदलला. माझी लाज झांकण्यासाठीं तिनें तो बदलला, हें मला कळलें.

परत येतांना एस्. टी. खंबाटकीच्या बोगद्यांत शिरली, आणि त्या अंधारांत मला माझ्या गणितांतील चूक दिसली. खगोलशास्त्रज्ञांचें गणित चूक नव्हतें. मीं त्यांत मांडलेलें उदाहरण चूक होतें. सगळें काम यंत्र करतें, आणि काम वाट पाहत जागच्या जागीं राहतें, अशाच ठिकाणीं तें समीकरण लागू पडतें. तारे अठरा महिने थांबतात. माझ्या कामांत यंत्राचा वांटा तो किती? आत्येनें बोलावें, मीं ऐकावें, आणि दोन बोटांनीं टिपावें. यंत्राचा वेग दुप्पट झाला म्हणून आत्येचें एक तासाचें बोलणें अर्ध्या तासांत आटोपणार नव्हतें, आणि माझीं दोन बोटें चार होणार नव्हतीं. थांबून मिळणारा नफा शून्य; आणि ज्या सामग्रीवर सारें पुस्तक अवलंबून, ती मात्र दर वर्षीं कमी होत होती.

याहूनहि एक लाजिरवाणी गोष्ट मला त्या प्रवासांत कबूल करावी लागली. आत्येच्या आठवणी लिहिण्यासाठीं नवा लॅपटॉप मुळीं आवश्यकच नव्हता. दोनशें पानांची वही आणि एक लेखणी पुरे होती. नाचतां येईना अंगण वांकडें, यांतला प्रकार! लिहावयास बसलों तर तें चांगलें उतरणार नाहीं, ही खरी भीति होती. जोंवर आरंभ झाला नव्हता तोंवर माझें पुस्तक निर्दोष होतें. यंत्राच्या नव्या आवृत्तीची वाट पाहणें हा त्या भीतीला घातलेला एक अब्रूदार अंगरखा होता. पूजेच्या आरंभीं आपण संकल्प करतों. त्यांत संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि यांचा उच्चार करतों. तो सारा त्याच दिवसाचा असतो. पुढील संवत्सरांतील एखाद्या सोयीच्या तिथीचा उच्चार करून आज हातावर पाणी सोडल्याचें मीं कोठेंहि पाहिलें नाहीं. मीं मात्र दहा वर्षें तेंच करीत आलों होतों.

त्या रात्रीं घरीं येऊन नातीच्या एका उरलेल्या वहींत मीं पुराची गोष्ट जशी आठवली तशी लिहून काढली. आठ दिवसांनीं लॅपटॉपहि घेतला. कारण पुढें त्या मजकुराचें पुस्तक करावयाचें तर तो लागणारच होता. खरेदी कशी केली तें थोडक्यांत सांगतों, कारण माझ्यासारखे आणखीहि कोणी असतील. सर्वांत नवें कोणतें, हा प्रश्नच मीं सोडून दिला. माझ्या कामाला काय लागतें, एवढें कागदावर लिहून नेलें. कळफलक बोटांना सोसणारा हवा. पडद्यावरचें अक्षर चष्म्यानें सुखानें वाचतां आलें पाहिजे. बिघाड झाल्यास दुरुस्ती गांवांत व्हावी. रॅम १६ जी.बी. घेतली, कारण कित्येक यंत्रांत ती मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते व मागाहून वाढवितां येत नाहीं. साठवणीसाठीं एस.एस.डी. घेतली, जुन्या यंत्राच्या फिरत्या तबकडीच्या मानानें तिचा वेग मला चमत्कारासारखा वाटला. यंत्र आदल्या वर्षींच्या घडणीचें होतें, म्हणून कांहींसें स्वस्तहि पडलें.

थांबणें सर्वथा मूर्खपणाचें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. हातांतील यंत्र धडधाकट चालत असेल, नवें यंत्र येण्याची तारीख जाहीर झाली असेल आणि ती महिनापंधरा दिवसांवर असेल, तर अवश्य थांबावें; नवें नको असलें तरी जुन्याची किंमत उतरते. पण जेथें तारीख नाहीं, केवळ 'येणार आहे' एवढेंच आहे, तेथें थांबणाऱ्यानें आपण नक्की कशासाठीं थांबलों आहों, हें एकदां स्वतःला विचारावें. थांबलें कीं स्वस्त मिळतें, हाहि नियम अभंग नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं रॅमची मागणी इतकी वाढविली कीं तिचे भाव भडकले. मीं आधींच घेऊन मोकळा झालों होतों. परंतु त्यांत माझें शहाणपण कांहीं नव्हतें, तो निव्वळ योगायोग.

नवें यंत्र घेऊन मी वाईस गेलों तेव्हां आत्येनें तें उलटसुलट निरखून पाहिलें. "हें मांडीवर घ्यायचं यंत्र काय? मग दत्तकच म्हण कीं!" ती म्हणाली. "दत्तक घेतांना फार चिकित्सा करूं नये रे. मुलगे पाहतां पाहतां घराणं बुडतं." हें तिचें वाक्य मीं तेथल्या तेथें टिपून ठेवलें.

तेव्हांपासून दर पंधरा दिवसांनीं मी वाईस जातों. एका बैठकींत ती तासभर बोलते, कधीं वीसच मिनिटें. आतांपर्यंत सत्तर पानें झालीं आहेत. तीं मला भीति होती तितकीं वाईट उतरलेलीं नाहींत, आणि आशा होती तितकीं चांगलींहि नाहींत. जानेवारी २०२६ मध्यें इंटेल कंपनीनें नव्या पिढीचे प्रोसेसर जाहीर केले. चिरंजीवांनीं ती बातमी जेवतांना सांगितली, आणि माझा यंत्र 'जुना' झाल्याचें दुःख मला होईल म्हणून लगेच आमटी वाढून घेतली. मला खरोखरच कांहीं वाटलें नाहीं.

पुराचें प्रकरण मीं पुन्हां नीट लिहून काढलें आहे. मागच्या खेपेस आत्येला त्या घरांतील चुलीची जागा आठवली, आणि पहिल्या रात्रीं वाढलेलें कुळथाचें पिठलें आठवलें. नांव आठवलें नाहीं. त्या ठिकाणीं एका नांवापुरती जागा मीं कोरी सोडली आहे. आत्येला वाचून दाखवितांना तेथें आलों कीं मी क्षणभर थांबतों. ती हात जोडते, आणि मग मी पुढें वाचूं लागतों.